नागपूर: बाळ्या आणि चिंगीसाठी एकत्र घर हवं आहे (देशी जोडी, वेगळं करायचं नाही)

वैदर्भी_कन्या

नमस्कार मंडळी,

प्रताप नगरात माझी मावशी राहते. काका गेल्यापासून ती एकटीच आहे आणि गुडघ्यांमुळे आता जिना चढणंही होत नाही. दिवाळीनंतर ती कायमची हैदराबादला मुलीकडे जाणार. तिथे नवव्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट आणि दम्याचा त्रास असलेला नातू. कुत्री सोबत नेण्याचा विचार घरात सगळ्यांनी मिळून करून झाला आहे, त्यामुळे "घेऊनच जा नं" असं कृपया कुणी सुचवू नका. मावशी त्यावर पुरेशी रडली आहे.

बाळ्या नर आहे, तपकिरी, नऊ वर्षांचा. चिंगी काळी, पायात पांढरे मोजे, सातेक वर्षांची. दोघंही अस्सल गावठी. नसबंदी दोघांची झाली आहे, रेबीज आणि नाइन-इन-वन (अनेक आजारांवरची एकत्र लस) दर वर्षी वेळेवर, कार्डं जपून ठेवली आहेत. घरातच वाढलेले, साखळी माहीत नाही. पोळी, भात, अंडं, उकडलेलं चिकन सगळं खातात.

मुख्य गोष्ट बाळ्याच्या डोळ्यांची. त्याला आधी रात्रीचं दिसेनासं झालं, आता दिवसाही अंधूक दिसतं. डोळ्याचा पडदाच निकामी होत चालला आहे, त्यामुळे ऑपरेशनचा उपयोग नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. तो चिंगीच्या भरवशावर चालतो. संध्याकाळी फिरायला निघाले की त्याचा डावा खांदा तिच्या अंगाला लागलेला असतो. फाटकापाशी एक पायरी आहे, तिथे ती थांबते, मागे बघते, तो नाक पुढे करून पायरी हुंगतो आणि मगच दोघं उतरतात. हे तिला कुणी शिकवलं नाही.

दोघांना एकत्र घेणारं घर हवं आहे. शोधायचं कसं, काय विचारायचं, काय टाळायचं, अनुभवी लोकांनी सांगा. नागपूर आणि आसपास कुठेही चालेल.

काटोलरोडवाला

ताई, आमच्या साळ्याची कळमेश्वरकडे संत्र्याची बाग आहे. जागाच जागा, विहीर आहे, राखणीला माणूस राहते. कुत्रे त्यायले पाहिजेच हायेत. दोघंही घेऊन टाकतील. विचारू का?

रानपाखरू

काटोलरोडवाला भाऊ, तुम्ही मनापासून म्हणताय हे कळतं. तरी वैदर्भी, मी नको म्हणेन आणि का ते सविस्तर सांगते. मी बरीच वर्षं या शहरात कुत्र्यांना घरं शोधून देते आणि सगळ्यात जास्त फोन "आमच्याकडे शेत आहे, मोकळी जागा आहे" असेच येतात.

बागेत कुत्रं राखणीसाठी हवं असतं. दिवसा ते झाडाला बांधलेलं आणि रात्री सोडलेलं. मालक शहरात, राखणदार बदलत राहतो. कळमेश्वर-काटोल पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे आणि बिबट्याला कुत्र्यासारखी सोपी शिकार दुसरी नाही. रानडुकरांसाठी कुणी कुंपणात करंट सोडतं, कुणी फासे लावतं. डोळस, शेतातच जन्मलेलं कुत्रं हे सगळं हळूहळू शिकतं. रातांधळा बाळ्या काय शिकणार? उघडी विहीर म्हणजे तर त्याच्यासाठी सरळ मरणच.

घरात वाढलेल्या कुत्र्याला पाच एकर लागत नाहीत. त्याला माणसांची ये-जा ऐकू येणारी जागा, एक ठरलेला कोपरा आणि दोन वेळचं फिरणं लागतं. दोन खोल्यांच्या घरात अतिशय सुखात राहणारी कुत्री मी पाहिली आहेत आणि एकराच्या आवारात वाळून गेलेलीही पाहिली आहेत.

काटोलरोडवाला

बरोबर हाय तुमचं. आंधळ्या कुत्र्याचं माझ्या ध्यानात नाही आलं. विहिरीले कठडाही नाही तिथं. राहू द्या. आमच्या गल्लीत मात्र विचारतो.

अण्णा_धंतोली

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. एका कुत्र्याला घर मिळायलाच जीव मेटाकुटीला येतो. दोन, तेही वयस्कर, त्यात एक अंध, आणि हातात जेमतेम दोन-अडीच महिने. जोडीचा हट्ट धरून शेवटी दोघंही कुठल्या तरी आश्रयगृहात जाऊन पडण्यापेक्षा एकाच कॉलनीतली दोन घरं बघा. संध्याकाळी भेटतील. कुत्री माणसांपेक्षा लवकर रुळतात.

डॉ_गोठेवाले

मी पशुवैद्य आहे, शिक्षण इथलंच, सेमिनरी हिल्सचं. अण्णांचा मुद्दा सरळ उडवून लावण्यासारखा नाही, म्हणून जरा लांब लिहितो.

एका घरात राहणारी प्रत्येक दोन कुत्री "जोडी" नसतात. काही नुसती शेजारी असतात, आणि काही तर वेगळी झाल्यावर मोकळी होतात, कारण एकाने दुसऱ्याला दाबून ठेवलेलं असतं. हे बघून ठरवावं. एकाला ओळखीच्या माणसासोबत दोन-तीन तास बाहेर न्या, दुसरा घरीच ठेवा. मग उलट करा. पहिली दहा मिनिटं कुणीही रडेल, ती धरू नका. त्यानंतर खातो का, आडवा होतो का, माणसाने हाक मारली तर येतो का, की दारापाशी धापा टाकत, लाळ गाळत उभा राहतो, हे बघा. दोघांचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

आता एक संशोधन सांगतो, ते इथे फार उपयोगाचं आहे. १९९६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणापासून जोडीने वाढलेली, सात ते नऊ वर्षांची कुत्री त्यात होती. ओळखीच्या जागेत जोडीदाराला चार तास बाजूला नेलं, तर मागे राहिलेल्याच्या रक्तातल्या ताणाच्या संप्रेरकात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. अनोळखी जागेत एकटं ठेवलं तेव्हा मात्र ते चांगलंच वाढलं. आणि त्याच अनोळखी जागेत जोडीदार सोबत असूनही ते वाढलेलंच राहिलं. ते वाढलं नाही फक्त एका वेळी, रोज सांभाळणारा माणूस सोबत होता तेव्हा.

याचा अर्थ जोडी फुटली तरी चालेल असा मी काढत नाही. २०२२ मध्ये इटलीतल्या ४२६ मालकांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात घरातलं एक कुत्रं मेल्यावर मागे राहिलेल्याच्या वागण्यात फरक पडला असं ८६ टक्के मालकांनी सांगितलं: कमी खेळणं, कमी खाणं, जास्त झोप, माणसाला चिकटून राहणं. म्हणजे नातं असतं, तुटलं की लागतं. पण नव्या घरात पहिल्या दिवशी जो धीर लागतो तो दुसरं कुत्रं पूर्णपणे देऊ शकत नाही, माणूस देतो. "दोघं एकमेकांना आहेत, रुळतील आपोआप" असं समजून त्यांना एका दुपारी गाडीत घालून सोडून येऊ नका. नवीन माणूस आधी जुन्या घरात ओळखीचा होऊ द्या. घर नंतर बदला.

वैदर्भी_कन्या

डॉक्टर, खूप आभार. तुम्ही सांगितलं तसं करून बघितलं.

चिंगीला मी माझ्याकडे त्रिमूर्ती नगरला आणलं. थोडा वेळ दाराशी बसली, मग पंख्याखाली पसरली, पोळी खाल्ली, पोराशी खेळली. तिकडे मावशीकडे बाळ्या फाटकाशी जाऊन बसला. पाण्याच्या भांड्यापर्यंतही गेला नाही, मावशीने तोंडाशी नेलं तेव्हा दोन जिभल्या मारल्या. खोलीत यायला निघाला आणि रोजच्याच दाराच्या चौकटीवर आपटला.

उलट केलं तेव्हा बाळ्या माझ्याकडे भिंतीला चिकटून उभाच राहिला. चिंगी घरी शांत होती.

म्हणजे चिंगी एकटी राहू शकेल, बाळ्या नाही. अण्णा, तुमच्या पर्यायाचा मी प्रामाणिकपणे विचार केला. पण मग चिंगीला घर मिळेल आणि बाळ्याला कुणी विचारणार नाही. चिंगीसाठी दोन फोन आलेच आहेत. दोघांनी "ती एकटी असेल तर घेतो" म्हटलं. मी नाही म्हणून सांगितलं.

अण्णा_धंतोली

एवढं बघून ठरवलं असेल तर माझा आक्षेप नाही. बाळ्यासाठी ती डोळे आहे, मग जोडीच जायला हवी. मी माझ्या सकाळच्या अंबाझरीच्या फिरण्याच्या ग्रुपवर टाकतो, निवृत्त मंडळी बरीच आहेत.

महालचा_मुलगा

एवढी डोकेफोड कशाला? गावठीच आहेत नं. गोरेवाड्याकडे नाहीतर फुटाळ्याला सोडून द्या, तिथे लोक खायला टाकतात. जगतात ती.

रानपाखरू

नाही जगत. प्रत्येक गल्लीतल्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते. सात-नऊ वर्षं घरात झोपलेलं कुत्रं तिथे सोडलं की पहिल्या रात्रीच टोळी त्याच्यावर तुटून पडते. बाळ्याला तर कोण कुठून येतंय हेही कळणार नाही.

शिवाय हा गुन्हा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये, उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत प्राणी सोडून देणं स्पष्टपणे येतं. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, म्हणजे आज काहीच नाही, आणि मला याचा संताप येतो. पण दंड कमी म्हणून कृत्य लहान होत नाही. नसबंदी करून कुत्रं पुन्हा त्याच जागी सोडण्याचा २०२३ चा नियम रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी आहे, त्याचा आधार घेऊन घरचं कुत्रं कुठेही नेऊन सोडता येत नाही.

महालचा_मुलगा

हद्दीचं माहीत नव्हतं. बाळ्याचा फोटो असेल तर टाका, आमच्याकडे वाड्यात लोक आहेत, विचारतो.

मीरा_मानेवाडा

जाहिरातीबद्दल लिहिते. "मोफत द्यायचे आहेत" असे शब्द नकोत. त्याने नको ते फोन येतात. आणि "आंधळा, बिचारा, कुणीतरी वाचवा" असंही नको. त्याने दया येते आणि दयेच्या भरात घेतलेलं कुत्रं महिन्याभरात परत येतं. चिंगी पायरीशी थांबते तो व्हिडिओ काढा, अर्ध्या मिनिटाचा पुरे. पहिल्या ओळीत जोडी, दुसऱ्यात नसबंदी आणि लसी, तिसऱ्यात डोळ्यांचं, स्पष्ट. मावशीचा पत्ता टाकू नका, एकट्या बाईचं घर आहे.

फोन आला की मी आधी मला बोलायचं ते न बोलता त्यांनाच बोलू देते. घरात कोण कोण, दुपारी कोण असतं, गावाला गेलात तर कोण बघेल, याआधीचं कुत्रं कसं गेलं. शेवटच्या प्रश्नावर लोक खरं बोलतात. "पळून गेलं", "गाडीखाली आलं", असं दोनदा ऐकलं की मी थांबते. घर बघायला स्वतः जा. बाळ्यासाठी गच्चीचा कठडा, जिन्याला फाटक आहे का, अंगणात उघडा हौद आहे का, हे डोळ्यांनी बघायचं. आणि घरातल्या सगळ्यांना भेटा. सासूबाईंच्या मनाविरुद्ध आलेलं कुत्रं टिकत नाही.

धरमपेठ_०९

आम्ही पती-पत्नी जोडी घ्यायला तयार होऊ, पण सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात की एका फ्लॅटमध्ये दोन कुत्री चालणार नाहीत, ठराव झाला आहे. घर भाड्याचं आहे.

डॉ_गोठेवाले

भारतीय जीव-जंतु कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक सूचना आहे. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायलाही मनाई करता येत नाही असं त्यात म्हटलं आहे. तिची प्रत सेक्रेटरींना शांतपणे द्या. मात्र घरमालकाशी केलेला भाडेकरार ही वेगळी गोष्ट. त्यात प्राणी नकोत असं लिहिलं असेल तर आधी मालकाची लेखी संमती घ्या. अकरा महिन्यांनी घर सोडावं लागलं तर या दोघांचं पुन्हा तेच.

धरमपेठ_०९

मालकांशी बोललो. ते नाही म्हणाले. वाईट वाटतंय. वैदर्भी, हस्तांतराच्या वेळी गाडी लागली तर सांगा, मी येईन.

बेसा_आजोबा

अण्णांच्या ग्रुपवर व्हिडिओ बघितला. मी एसटीतून निवृत्त. बेसा रोडला तळमजल्याचं स्वतःचं घर, कंपाउंड आहे, सौ. आणि मी दोघंच. आमची कुत्री दोन वर्षांपूर्वी म्हातारपणाने गेली, तेरा वर्षं होती. तेव्हापासून सौ. दुसरं नको म्हणत होत्या. व्हिडिओ बघून त्यांनीच मला फोन लावायला सांगितलं.

एक शंका आहे. माझं वय ६८. आम्हाला काही झालं तर? आणि अंध कुत्र्याला नवीन घर कळेल का?

वैदर्भी_कन्या

काका, वाचून डोळे भरून आले. मेसेज केला आहे. तुमच्या वयाबद्दल मी मावशीशी बोलले. ती म्हणाली, बाळ्या नऊ वर्षांचा आहे, त्याला पंचविशीतला मालक कशाला हवा, दुपारी घरी असणारा माणूस हवा. तुमच्यानंतर कोण, हे मात्र आत्ताच लिहून ठेवू. पहिलं नाव माझं घाला.

डॉ_गोठेवाले

अंध कुत्रं घर नाकाने, कानाने आणि पायाने पाठ करतं. सुरुवातीला एकच खोली द्या, ती कळली की दुसरी. पाण्याचं भांडं आणि अंथरूण हलवायचं नाही, सोफा सरकवायचा नाही. पायरीच्या आधी खरखरीत पायपुसणं टाका, पायाला ते लागलं की पुढे पायरी आहे हे त्याला कळतं. चिंगीच्या पट्ट्याला छोटा घुंगरू बांधा, म्हणजे ती कुठे आहे ते ऐकू येईल. झोपेतून उठवताना आधी हाक, मग हात. दचकून कुत्रं चावतं, त्यात त्याचा दोष नसतो.

फिरवताना सुरुवातीला दोघांनाही हार्नेस आणि पट्टा, दोन वेगळ्या माणसांच्या हातात. नव्या घरातून पळालेलं कुत्रं जुन्या घराच्या ओढीने रिंग रोड ओलांडायला बघतं. जुन्या चादरी धुवू नका, तशाच न्या.

काका, जेवणाचं एक. आपल्या भाजीत, झुणक्यात कांदा-लसूण असतो, तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. उरलेली भाजी घालायची सवय नको. मनुका, द्राक्षं, चॉकलेटही नाही.

रानपाखरू

आणि तारीख जपून ठरवा. दिवाळीच्या तोंडावर अजिबात नको. नवीन जागा आणि त्यात सुतळी बॉम्ब, बाळ्याला आवाज कुठून येतोय हेच कळणार नाही. एक तर दसऱ्याच्या बऱ्याच आधी, म्हणजे दिवाळीपर्यंत घर पाठ झालेलं असेल, नाहीतर सरळ तुळशीच्या लग्नानंतर.

वैदर्भी_कन्या

आता सविस्तर सांगते.

बेसाचे काका-काकू संध्याकाळच्या फिरण्याच्या वेळी मावशीकडे येऊ लागले. सुरुवातीला नुसते अंगणात खुर्ची टाकून बसायचे, चहा घ्यायचे. चिंगी पहिल्याच भेटीत काकांच्या चपलेवर डोकं ठेवून झोपली. बाळ्या लांब. काकूंनी त्याला हात लावायची घाई केली नाही, त्या त्याच्याजवळ जमिनीवर बसून मावशीशी बोलत राहायच्या. मग एकदा तो त्यांच्या पदराला हुंगून तिथेच बसला. पुढे काकू पोळी कुस्करून द्यायला लागल्या, काका पट्टा धरायला लागले, मावशी मागे मागे राहू लागली. हे तिला जड गेलं, पण तिने केलं.

मग दोघांना बेसाला नेऊन आणायला लागलो. थोडा वेळ, तोही काकूंसोबत. धरमपेठ_०९ यांनी शब्द पाळला, गाडी त्यांचीच. काकांनी हौदावर जाळी बसवून घेतली आणि जिन्याला लहानसं लोखंडी फाटक केलं.

आता दोघं तिथेच राहतात. पहिल्या रात्री बाळ्या भिंतीच्या कडेने फिरत राहिला, दुसऱ्या दिवशी सकाळी पोट बिघडलं. डॉक्टरांना विचारून दहीभात दिला, उतरलं. पायपुसण्याची युक्ती चालली. चिंगीने तिथली पायरीही ताब्यात घेतली आहे, थांबते, मागे बघते. मावशी रोज व्हिडिओ कॉल मागते. रानपाखरू म्हणाल्या की थोडे दिवस तिचा आवाज ऐकवू नका, बाळ्या शोधत बसेल, म्हणून काकू आवाज बंद ठेवून दाखवतात.

लेखी केलं आहे: ठेवून घेता आलं नाही तर कुत्री परत माझ्याकडेच येतील, तिसऱ्या कुणाकडे नाहीत. लसीची कार्डं, डोळ्यांच्या तपासणीचे कागद, नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर काकांच्या ताब्यात. महापालिकेतली नोंदणी त्यांच्या नावावर करून घेत आहोत. हिवाळ्याच्या आधी गोचिडांचं औषध पुन्हा द्यायचं आहे, ते मी देऊन येईन.

बेसा_आजोबा

आज बाळ्याने स्वतःहून स्वयंपाकघर शोधलं. सौ. तिथे होत्या. चिंगी बाहेर झोपली होती.

अण्णा_धंतोली

चिंगीशिवाय गेला? हे वाचून फार बरं वाटलं.

वैदर्भी_कन्या

काका, हे मावशीला लगेच सांगते.

मंडळी, घर मिळालं आहे, तेव्हा व्हॉट्सअॅपवर फिरणारी जुनी जाहिरात कृपया पुढे पाठवू नका. अजून फोन येऊन राहिले आहेत. ज्यांना खरंच कुत्रं घ्यायचं आहे त्यांनी रानपाखरूंना इथेच मेसेज करा, त्यांच्याकडे घराची वाट बघणारी आणखी आहेत.